रक्तावरची साय

माझ्या बापाला माझ्या सख्ख्या काकानं फावड्याच्या दांड्यानं मारून टाकलं, असं देऊळघाटात आजही कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडायला उभी राहते. वय झालं, गुडघे गेले, पण तोंड अजून शाबूत आहे. त्या एका खोट्या गोष्टीपायी आमच्या काकाचा जीव जाणार होता. माझा भाऊ कुऱ्हाड घेऊन त्याच्या दारावर गेला होता, अन् त्याच्यामागे अर्धी आळी होती. ते कसं झालं ते सांगते. पण त्याच्यासाठी आधी माझा बाप सांगावा लागेल, अन् त्याचं रक्त सांगावं लागेल.

बाप मारकुटा होता. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलायचं असतं म्हणे. मग मी गप्पच बसायला हवं. वांग्याच्या वाफ्यात पाणी जास्त गेलं की मारायचा, कमी गेलं की मारायचा. बैलाला तुतारी टोचायचा ती रक्त येईपर्यंत. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, पुढे लोखंडी टोक असलेली. भावाला एकदा विहिरीच्या काठावर उलटा धरला होता, कारण काय तर मिरचीचं पोतं बाजारात न्यायला उशीर झाला. सगळ्यात जास्त मार मायला. तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे. आम्ही पोरं समजायचो जन्मापासूनच तसं असेल. मोठी झाल्यावर काकूनं सांगितलं की तो कान माझ्या जन्माआधी एका थपडेत गेला.

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हाचे हे दिवस. आमचा मळा गावाला लागून, मोटेवरचा. विहीर एक, तिच्यावर बापाचा अन् काकाचा दोघांचा हक्क. घरंही भिंतीला भिंत लागून. काका बापापेक्षा लहान, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. मोठ्या भावावर, म्हणजे माझ्या बापावर, त्याचा असा जीव होता की मला राग यायचा. म्हणायची, "काका, इतकं मारते तो साऱ्यायले, अन् तू त्याचे पाय चेपतं?" तो म्हणायचा, "भाऊ हाय न वं तो माहा." झालं. एवढंच त्याचं उत्तर.

पन्नाशीच्या आत असेल बाप, तेव्हा त्याला तहान लागायला लागली. घागरी रिकाम्या करायचा. सारखा उठून बांधावर जायचा, अन् तो बसायचा तिथं मुंग्यांची रांग लागायची. लोक हसायला लागले. बापाला हसलेलं चालत नसे. एका सकाळी त्यानं घासलेटची बाटली घेतली, मुंग्यांवर ओतली अन् काडी लावली. बांधावरचं गवत पेटलं, शेजारच्याचं कुंपण पेटलं, अन् हा मधोमध उभा राहून जळत्या मुंग्यांना शिव्या देऊन राहिला. मुंग्या काय, दुसऱ्या दिवशी परत आल्या.

मग पायाला काटा लागला अन् ती जखम भरेना. पू झाला, वास येऊ लागला. काकानंच त्याला गाडीत घालून बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. निळं पाणी विटेसारखं लाल झालं. डॉक्टर म्हणाला, साखरेचा रोग आहे. गोळ्या दिल्या अन् सांगितलं की आजपासून गोड बंद.

आता माझ्या बापाची एक गोष्ट मी मानते. जे धरलं ते धरलं. घरी आला तो चपला न काढता आत गेला, गुळाची आख्खी भेली उचलली अन् अंगणात दगडावर आपटली. साखरेचा डबा उकिरड्यावर ओतला. चहाची किटली भिंतीवर फेकली, तिचं तोंड वाकडं झालं. "आजपासून या घरात गोड शिजलं तं हात तोडून टाकीन," म्हणाला. त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे करंजी झाली नाही. गुळाचा खडा त्यानं जिभेवर ठेवला नाही मरेपर्यंत. जखम भरली, तहान कमी झाली. गावात छाती काढून सांगायचा, "डाक्टरनं एक गोष्ट सोड म्हटलं, म्या सोडली. मर्दाचं काम हाय ते."

पण पुढचं त्याचं त्यानंच ठरवलं. गोड गेलं, म्हणजे अंगातली ताकद गेली. ती कुठून तरी भरून काढायला पाहिजे. ती तुपातून. तूप काही गोड नसतं. डॉक्टरनं तुपाचं नाव घेतलंच नव्हतं. दावणीला दोन म्हशी होत्या. ज्वारीच्या भाकरीवर तूप, वरणात तूप, ठेच्यावर कच्च्या तेलाची धार. अन् आठवड्यातून एकदा तरी रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, फोडायचे, अन् तुपात बुडवून खायचे. आमच्याकडची ती मेजवानी. शेतात देवाला दाखवायचे तेव्हाही तेच.

त्यात आमच्या आळीत एक रीत होती. रोडग्यावर तूप वाढायला तोटीचा गडू घ्यायचा, अन् वाढणारीनं धार धरली की जेवणारा "बस" म्हणेपर्यंत ती तोडायची नाही. बाईनं आपण होऊन धार तोडली तर त्या घरात दळिद्र आहे, किंवा बाईचा जीव नवऱ्यात नाही, दोहोंपैकी एक नक्की, असं समजायचे. पुरुष मुद्दाम "बस" म्हणत नसत. एकमेकांकडे बघत बसायचे, कोण आधी हरतो म्हणून. माझा बाप कधीच आधी हरला नाही. ताटाच्या काठाला तूप लागायचं, तरी तो मायकडे बघून हसत असायचा, अन् माय गडू वाकडाच धरून असायची.

अशी वर्षं गेली. मग पायाला परत जखम झाली. ह्या वेळी काका बाजारात होता, म्हणून मी गेले बापासोबत. मी सातवी शिकलेली, अठरा-एकोणीस वर्षांची, लग्न ठरायचं होतं. डॉक्टर तोच. त्यानं दंडातून रक्त काढलं, काचेच्या नळीत भरलं अन् नळी खिडकीत उभी करून ठेवली. आम्हाला बसायला सांगितलं. दुपार झाली. डॉक्टरनं आत बोलावलं.

नळीत रक्त खाली बसलं होतं, लाल, काळपट. शेजारी दुसऱ्या कुणाची नळी होती, तिच्यात रक्तावर पिवळसर पाणी दिसत होतं, पातळ. बापाच्या नळीत वर पांढरं होतं. दूध म्हणावं तर दूध. अन् त्या दुधावर वरच्या काठाला जाड साय धरलेली. मला शिसारी आली.

बाप वाकून बघत राहिला. मग त्याचं तोंड असं उजळलं, मी काय सांगू! म्हणाला, "पाह्य वं पोरी! माह्या रक्तावर साय हाय! या बाकीच्यायचं पाह्य, निरं पाणी!"

डॉक्टरनं टेबलावर हात आपटला. "ही साय नाही. ही चरबी आहे," तो म्हणाला. "तुम्ही खाल्लेलं तूप रक्तातून हलत नाहीये. साखरेच्या रोगात हे असंच होतं, साखर एकटी येत नाही, चरबीला सोबत घेऊन येते. ही चरबी हृदयाच्या नळ्यांना आतून लिंपत जाते. एक दिवस नळी बुजते अन् माणूस बसल्या जागी जातो. साखर सोडलीत, चांगलं केलंत. आता तूप सोडा, तेलाची धार सोडा. अन् सुई घ्या."

"सुई?" बाप म्हणाला. "मले सुई? माह्या रक्तात ताकद हाय ते तुम्हाले पाहावत नाई काय?"

कंपाउंडर मध्ये काहीतरी समजवायला गेला, तर बापानं त्याच्या कानाखाली वाजवली. दवाखान्यात! लोक धावले. डॉक्टर नळी उचलून आत घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "बाई, घरी आईला सांग. तूप बंद. हा माणूस ऐकणार नाही, पण वाढणारा हात तिचा आहे." सांगायला काय जातं हो. त्या हातावर काय काय पडतं ते त्याला कुठं माहीत होतं.

बाप बाजारभर सांगत सुटला. पानाच्या ठेल्यावर, भाजीच्या ओट्यांवर, एस्टीच्या फाट्यावर. "डाक्टरनं सोता दाखवलं. म्हशीच्या दुधावर येते तशी साय माह्या रक्तावर!" अन् लोकही बाप्पा असे की माना डोलवत राहिले. कुणी म्हणालं, खाल्लेलं अंगी लागलं. एक जण तर म्हणाला, आमच्या रक्तात कधी येईन अशी साय? मी मागे भाजीची टोपली घेऊन उभी. माझं डोकं असं भणभणत होतं की टोपली त्याच्या डोक्यात घालावी.

मी मायला सांगितलं. सगळं, शब्द न शब्द. तिनं उजवा कान माझ्याकडे केला अन् ऐकून घेतलं. त्या आठवड्यात रोडगे झाले तेव्हा तिनं धार धरली, अन् बाप "बस" म्हणायच्या आत गडू उभा केला. तोडली धार.

बापानं हात पुढे केला, गडू तिच्या हातातून घेतला अन् तोच गडू तिच्या कपाळावर मारला. पितळी गडू. भुवई फाटली. तूप अन् रक्त तिच्या तोंडावरून खाली आलं, पदरावर, ताटात. "माह्या घरात मले मोजून खाऊ घालते?" तो ओरडला, अन् तिला केसानं धरून दारापर्यंत ओढत नेलं. मी विळा उचलला. हो, उचलला! बापावर. त्यानं विळ्याचा हात पिरगाळला अन् मला अशी लाथ घातली की मी चुलीवर जाऊन पडले. भाऊ ओसरीत उभा राहून बघत होता. तो बापाच्या बाजूचा.

आरडाओरडा ऐकून काका धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मोठ्या भावाचा हात धरला. "वैनीवर परत हात उचलला तं मी आहो अन् तू हायेस," म्हणाला. बाप हसला आधी. मग त्याला कळलं की काका हात सोडत नाही. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं बंद झालं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या पडल्या, सूर्य इथं आला की तुमची मोट, तिथं गेला की आमची. एकाच आईच्या दुधावर वाढलेले दोघं, अन् पाण्यावर पहारे!

अन् मायनं त्यानंतर परत कधी धार तोडली नाही. कपाळावर पट्टी बांधून वाढायला बसायची. मी तिच्यावर ओरडायची, "अवं मरन तो! डाक्टरनं सांगितलं न!" ती म्हणायची, "भांडे घास." बस, एवढंच. बापाचं पोट वाढत गेलं. मोट हाकताना धाप लागायची, चढावर थांबायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. तो म्हणायचा, "ताकद झाली अंगात, वजन पेलत नाई."

तो दिवस उन्हाळ्याचा. विहिरीला पाणी कमी, वांगी सुकत होती दोघांचीही. बापाची पाळी संपली तरी मोट सुटेना. काकानं दोनदा हाक मारली. मग त्यानं फावडं घेतलं अन् पाण्याचा दांड, म्हणजे पाट, आपल्या वाफ्याकडे फोडला. पाणी तिकडे वळलं. बाप बैलांमागून तुतारी घेऊन धावला. मी मेथी खुडत होते, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. बापानं तुतारीचं टोक काकाच्या दंडात घुसवलं. काका ओरडला. बापानं परत उगारली तेव्हा काकानं फावडं उलटं धरून दांडा मारला. एकदा. डाव्या खांद्यावर. बाप मागे सरला, पण पडला नाही. त्यानं काकाला चिखलात पाडलं, छातीवर गुडघा दिला अन् तोंडावर ठोसे मारत राहिला, मी अन् काकू दोघींनी ओढेपर्यंत. काकाचा दात पडला. बाप हात झटकत, शिव्या देत, आपल्या पायांनी घरी चालत आला. हे मी पाहिलं आहे. मार खाल्लेला माणूस काका होता.

घरी येऊन बाप बाजेवर बसला. घाम यायला लागला. उन्हाचा घाम वेगळा. हा घाम थंड होता, बंडी पिळून निघेल इतका. तोंड राखेसारखं झालं. ओकला. "जीव घाबरून राह्यला," म्हणाला. मी विचारलं, "छातीत दुखते का बा?" तो म्हणाला, "नाई वं, काईच नाई दुखत. हवा घाल."

खांद्यावर वळ उठला होता, निळा. सगळ्यांचे डोळे त्या वळावर. मुका मार आत गेला, असं बायका म्हणायला लागल्या. हळद अन् गरम तूप खांद्याला चोळलं. वाटीभर पाजलंही. मी ओरडून राहिले, "गाडी जुंपा! दवाखान्यात न्या!" भाऊ काय करत होता? भाऊ काठी घेऊन काकाला शोधत होता. जुंपायचे बैल विहिरीवरच उभे होते, मोटेला. काकूनं घराला आतून कडी लावली होती, अन् भाऊ बाहेरून दारावर काठ्या घालत होता. तिकडे भिंतीपलीकडे बाप धापा टाकतोय, अन् इकडे हा दार फोडतोय. त्याला वाटत होतं तो बापाचं काम करतोय.

सांजच्याला बापानं मान टाकली. दुखलं म्हणून एक शब्द काढला नाही त्यानं. दुसऱ्यांना दुखवण्यात सारा जन्म गेला, अन् स्वतः मेला तो न दुखता. हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

पोलीस पाटलानं जमादार बोलावला. पंचनामा झाला. जमादार म्हणाला, प्रेत बुलडाण्याला न्यायचं, डॉक्टर चिरून सांगेल कशानं मेला. खून निघाला तर तुमच्या काकाला बेड्या, तोवर त्यानं घर सोडायचं नाही. सकाळी बैलगाडी निघाली. मी गाडीत बसले. बाईनं प्रेतासोबत जायचं नसतं, सगळे म्हणाले. मी म्हटलं, मला हात लावून दाखवा.

डॉक्टर तोच. लिंबाच्या झाडाखाली मी बसले, तो बाहेर आला हात पुसत. म्हणाला, "खांद्याला नुसता मुका मार आहे. हाड शाबूत. त्यानं माणूस मरत नाही. हृदयाची मुख्य नळी बुजली होती. आतून अशी लिंपलेली की बारीक तार जाईना. ते दुखणं कालचं नव्हतं. किती वर्षं साचत आलं होतं."

"पण त्याच्या छातीत दुखलं नाई," मी म्हटलं. "मी इचारलं होतं."

"साखरेच्या माणसाला बऱ्याचदा दुखतच नाही," तो म्हणाला. "साखरेनं नसा बधिर होतात. नुसता घाम येतो, जीव घाबरतो. म्हणून तर घरचे फसतात."

कागद तो जमादाराला देणार होता, अन् जमादार दुपारनंतर येणार होता. माझ्याजवळ कागद नव्हता, नुसतं तोंड होतं.

गाडी आळीत शिरली तेव्हाच दिसलं. काठ्या, कुऱ्हाडी, विळे. भाऊ पुढे. तो म्हणाला, "आधी त्याले बाहेर काढू, मंग बापाले अग्नी." मी गाडीतून उडी मारली, ओरडले, "काकानं नाई मारलं! डाक्टरनं पाहिलं! हृदयाची नळी बुजली!"

भावानं माझा दंड धरला. "छातीत दुखलं का त्याले?" त्यानं विचारलं. "तू होती न जवळ. सांग साऱ्यायले. एकदा तरी छातीले हात लावला का त्यानं?"

मी काय सांगणार? खरंच नव्हता लावला. साखरेनं नसा बधिर होतात, हे मी त्या गर्दीला सांगितलं, अन् कुणीतरी हसलं. प्रेत गाडीत होतं अन् माणसं हसली! भावानं मला ढकललं, मी चाकावर आदळले, मनगट मोडलं. ते अजून वाकडंच आहे.

मग त्यांनी दार फोडलं. कुऱ्हाडीचे घाव पडत होते तसं काकूचं किंचाळणं वाढत होतं. काकाला पायाला धरून ओढून काढलं बाहेर. त्याच्या दंडाला अजून तुतारीची जखम बांधलेली. पहिली काठी पाठीवर, दुसरी डोक्यात. रक्त उडालं. तो हात जोडत नव्हता. नुसता गाडीकडे बघत होता, अन् म्हणत होता, "मले त्याले पाहू द्या. एकदा पाहू द्या न." भावानं कुऱ्हाड वर उचलली.

माय कुठून आली ते मला दिसलं नाही. केस सुटलेले, कुंकू पुसलेलं. ती काकाच्या अंगावर आडवी पडली नाही, रडलीही नाही. मधे येऊन उभी राहिली, अन् इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "मले मार. त्याले म्या मारलं."

सगळे थांबले.

"डाक्टरनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "तूप देऊ नका, तूप दिलं तं मरन. पोरीनं घरी येऊन मले सांगितलं. धार म्या धरली. रोज धरली. मले मालूम होतं. भाऊजीनं एक दांडा मारला, म्या वर्षभर मारून राह्यली. हाण कुऱ्हाड."

मी डॉक्टरचं इतकं सांगितलं, कुणाला कळलं नव्हतं. हे मात्र सगळ्यांना कळलं. धार म्हणजे काय, कुणाच्या हातात असते, कोण तोडू शकतं अन् कोण नाही, आळीतल्या पोरासोरालाही ठाऊक होतं. आपापल्या घरी प्रत्येकानं ती धार खाल्ली होती. एक जण काठी टेकून मागे सरला, मग दुसरा. म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. भावाची कुऱ्हाड वरच राहिली होती. ती त्यानं शेवटी काकाच्या दारात घातली, इतक्या जोरात की निघेना. अन् तो तिथंच मटकन बसला.

काकाच्या डोक्याला काकूनं धोतर फाडून बांधलं. त्यानं आपल्या मोठ्या भावाला खांदा दिला, त्या तसल्या डोक्यानं. जमादार कागद घेऊन आला तेव्हा सरण विझत आलं होतं. त्यानं कागद वाचून दाखवला. कुणी ऐकत नव्हतं.

काका वाचला. त्यानंतर कितीतरी वर्षं जगला. पण आळीनं मायला सोडलं नाही. नवऱ्याला तूप चारून मारलं म्हणायचे. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, ते तर विधवेला असंही नसतंच. पण पाण्याला गेली तर बायका बादल्या उचलून घ्यायच्या. अन् भाऊ तिच्या हातचं जेवेना. तेराव्यानंतर एक दिवस तो चुलीसमोर येऊन उभा राहिला. मी हात गळ्यात बांधून भाकरी मोडत बसले होते. म्हणाला, "माय, एक गोष्ट सांग. तुले मालूम होतं. मंग तू धार तोडली काऊन नाई?"

मायनं तव्यावरची भाकर उलटली. त्याच्याकडे पाहिलं, सरळ, कपाळावरच्या त्या व्रणासकट.

"तोडली असती तं त्यानं मले मारून टाकलं असतं," ती म्हणाली. "मंग तू कुऱ्हाड घेऊन कोणाच्या दारावर गेला असता, रे?"